दिवाळीतला धप्पा

भाव पाडल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही, त्यामुळे लोकांनी सांगितलेल्या भुताखेताच्या गोष्टी मी कधी सांगितल्या किमतीला घेतल्या नाहीत. या सदरातले अनुभव बायको मोठ्याने वाचून दाखवते आणि मी प्रत्येकात खोट काढतो. आता माझाच अनुभव लिहितोय म्हटल्यावर ती समोर बसून हसतेय. हसू दे. घडलं ते दिवसाढवळ्या, भर नाशकात, तिवंधा चौकात, आणि आम्ही चार-पाच जण शुद्धीवर होतो.

आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भांडी बाजारात माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. ते कुणी दिलेलं नाही. तरुणपणी मी सातपूरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये होतो. ती नोकरी माझ्या मोठ्या भावाने, रमेशदादाने, कुणाकुणाच्या पाया पडून लावली होती. दादा स्वतः मनमाडला रेल्वेत. मी नोकरी सोडून हातगाडीवर भांडी विकायला लागलो, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला, "कंपनी सोडून गल्लोगल्ली पातेली बडवत फिरणार? माझं नाक कापलंस, बाळू."

पुढे त्या हातगाडीचं दुकान झालं. उद्घाटनाला सगळे आले, दादा आला नाही. त्यानंतर इतकी वर्षं आमच्या इंदिरानगरच्या घरी तो येई, जेवे, झोपे… पण दुकानाची पायरी चढला नाही. "पुढच्या वेळी बघू," म्हणायचा. मी पण हट्टी. एकदाही "चल" म्हटलं नाही.

गेल्या दिवाळीआधी वहिनींचा फोन आला. मनमाडचं घर बंद करून दोघं मुलाकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते. जाण्याआधी चार दिवस आमच्याकडे येणार होते, आणि दादाला एकदा नाशिक नीट बघायचं होतं. पायी. गाडीत बसून नाही.

माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. हा माणूस आता गेला तर परत कधी येईल सांगता येत नाही. माझं दुकान न बघता तो जाता कामा नये. आणि मी "चल" म्हणणार नाही, हेही नक्की.

माझी मुलगी प्राची फोनवर नकाशा काढून बसली. "पप्पा, आधी पांडवलेणी, मग…"

"पांडवलेणी नको. दादाचा गुडघा दुखतो. काळाराम, सीतागुंफा, खाली रामकुंड, पूल ओलांडून तिवंधा, आणि मग भांडी बाजार."

"भांडी बाजारात बघायला काय आहे?"

"गर्दी आहे. गर्दी बघायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पप्पा, तुमच्या दुकानाशी रस्ता संपतोय."

"योगायोग," मी म्हटलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून खो-खो हसली. माझा हिशेब सोपा होता. काळारामापासून चालून चालून दादाचा गुडघा बोलायला लागेल, नेमकं तेव्हा समोर माझं दुकान, आत पंखा, खुर्ची, थंड पाणी. माणूस जाईल कुठे?

दिवस फार छान निघाला, हे कबूल करायला हवं. सकाळी मिसळ खाल्ली. दादाने रस्सा तीनदा मागितला, वहिनींनी तीनदा डोळे वटारले. काळारामाच्या बाहेर मी तुळशीच्या माळांवरून एका बाईशी असा भाव केला की तिने शेवटी माझ्याच हातात टोपली दिली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हीच बसा इथं." दादाला एवढं हसू आलं की तो भिंतीला टेकला. सीतागुंफेत वाकून शिरताना वहिनी अडकल्या. मागून दादा म्हणाला, "रेल्वे असती तर मागून इंजिन लावलं असतं." आतल्या अंधारात सगळी रांग हसायला लागली. कपालेश्वरासमोर नंदी नाही, तर तो कुठे गेला, यावर दोघी जावा पायऱ्या उतरेपर्यंत वाद घालत होत्या. रामकुंडावर दादा पाण्यात पाय सोडून बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मी मनात म्हटलं, बस बाबा, पण गुडघा पूर्ण बरा करून घेऊ नकोस.

पूल ओलांडून आम्ही जुन्या नाशकात शिरलो. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन. तिवंधा चौकात आल्यावर दादा एकदम थांबला.

आमचं लहानपण याच चौकामागच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत गेलं. वडीलही रेल्वेत. जे नाशिकचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो – या चौकाच्या पोटात रहाड आहे. म्हणजे बांधीव हौद, फार जुना. वर्षभर वरून फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, त्याच्यावरून रिक्षा जातात, स्कूटरी उभ्या राहतात. रंगपंचमीला तो उकरतात, पूजा करतात, फुलं उकळून केलेला रंग त्यात भरतात, आणि मग लोक वरून आत उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. चांगला धप्पा बसला की रंग उसळून काठावरच्यांना न्हाऊ घालतो. इथला रंग पिवळा.

मी लहान होतो म्हणून मला उडी मारू द्यायचे नाहीत. दादाने सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी मी तुझा हात धरून मारतो." पुढच्या रंगपंचमीच्या आत वडिलांची मनमाडला बदली झाली.

दादा आणि मी चौकाच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे होतो. सुनंदा आणि वहिनी मागे बांगड्या बघत होत्या. प्राची आमच्या शेजारीच, नकाशात डोकं घालून.

"बाळू," दादा म्हणाला, "तुला घेऊन उडी मारायची राहिली की रे."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'तुझं अजून बरंच काही राहिलंय.' इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य. तोंड उघडलं…

आणि कुणीतरी ओरडलं, "दादा, हात सोडू नकोस!"

मागोमाग आवाज. धप्प! एखादं जड धूड खोल पाण्यात पडल्यावर येतो तसा. आणि समोरून, जिथे दोन स्कूटरी उभ्या होत्या तिथून, कोमट रंगाची लाट येऊन आम्हा दोघांच्या अंगावर फुटली. कोमट – हे मुद्दाम सांगतो. उकळलेल्या फुलांचा वास होता. माझ्या तोंडात गेला, थोडा तुरट लागला.

डोळे पुसले. मी नखशिखांत पिवळा. दादाचा पांढरा शर्ट पिवळा, मिशा पिवळ्या, चष्म्यातून पिवळे ओघळ. शेजारी उभी प्राची कोरडी. समोरच्या स्कूटरी कोरड्या, त्यांच्या सीटवरची धूळसुद्धा जशीच्या तशी. खाली डांबर कोरडं.

मी कसा आहे ते सांगितलंच. वर बघून सुरू झालो. "कोण आहे रे वर? खाली ये! हे काय शिमगा चालवलाय दिवाळीत? बादली कुणाची आहे, बोला!"

एका गॅलरीतून एक आजीबाई डोकावल्या. "कुणाला ओरडतो रे बाबा? आम्ही दुपारचं पडलोय." कोपऱ्यावरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून आमच्याकडे बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "मी इथंच बसलोय. कुणी काय टाकलं नाय. पण रंगपंचमी तर फाल्गुनात असते ना?"

"पप्पा," प्राची म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आत्ता तुम्ही का ओरडलात?"

"ओरडू नको तर काय करू? शर्ट बघ माझा!"

"ते नाही. आधी. 'हात सोडू नकोस' म्हणून. आवाज तुमचा होता."

मी दादाकडे बघितलं. त्याने मान हलवली. "मलाही वाटलं तूच ओरडलास. पण तू तर माझ्यासमोर होतास. तोंड उघडं होतं, आवाज दुसरीकडून."

मग वहिनी धावत आल्या, नवऱ्याला बघून जागीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हळद लावली की काय परत?" दादा हसायला लागला. मग मी. रस्त्याच्या मधोमध दोन म्हातारे होत आलेले भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसतायत, अंगावरून पिवळं पाणी गळतंय, लोक थांबून बघतायत. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, काय करू.

पण अशा अवतारात घरी जायचं कसं? एकही रिक्षावाला आत घेईना. एकाशी मी भांडलो, दुसऱ्याशी भांडण्याआधी सुनंदाने ओढलं. "अहो, दुकान चार पावलांवर आहे. तिथे कपडे बदला." मग दादाकडे वळून म्हणाली, "चला हो दादा."

अशा रीतीने, माझ्या नकाशाने नाही, गुडघ्याने नाही, दादा माझ्या दुकानाची पायरी चढला.

मागच्या मोरीत अंग धुऊन तो माझा जुना शर्ट घालून बाहेर आला. शर्ट त्याला पोटावर तंग. खुर्चीवर बसला नाही. फिरत राहिला. बंब, घंगाळी, परात, समया… प्रत्येकाला बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकत होता. मी गल्ल्याशी बसून उगाच तराजू पुसत होतो.

तेवढ्यात एक बाई आल्या. मुलीच्या लग्नासाठी पितळी पातेलं हवं होतं. आमचं जुंपलं. त्या एक भाव सांगतात, मी दुसरा, त्या पायरी उतरतात, मी "जा" म्हणतो, त्या परत येतात. रोजचंच. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पितळ खरंच चांगलं आहे कशावरून?"

माझ्या मागून दादाचा आवाज आला. "ताई, हे माझ्या भावाचं दुकान आहे. हातगाडीपासून उभं केलंय त्याने. इथे खोटा माल मिळत नाही."

इतकी वर्षं हे वाक्य मला हवं होतं. मिळालं तेही एका गिऱ्हाइकाला. मी त्या बाईंनी सांगितलेल्या भावात पातेलं देऊन टाकलं. बाई संशयाने पातेलं उलटंसुलटं करून बघत गेल्या.

इथे संपलं असतं तर मीच म्हटलं असतं, कुणीतरी बादली टाकली आणि पळालं. पण फाल्गुनात दादाचा बंगळुरूहून फोन आला. "तिवंध्याची रहाड या वर्षी उघडतायत ना? मी येतोय. राहिलेली उडी मारायची." वहिनी मागून ओरडत होत्या, "गुडघ्याचं काय?" दादा म्हणाला, "गुडघा बुडाला की दुखत नाही."

रंगपंचमीला चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल, शिट्ट्या, वाफाळता पिवळा रंग. सुनंदा आणि वहिनींना त्या बंद दुकानाच्या पायरीशी जेमतेम जागा मिळाली. प्राची दुसऱ्या काठाला. आमचा नंबर आला. दादाने माझा हात धरला. खाली बघितलं. खरं सांगतो, मला पोहता येत नाही. रंगाने दोघांचे हात निसरडे झाले होते, आणि उडी घेताना त्याची बोटं सुटतायत असं वाटलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो –

"दादा, हात सोडू नकोस!"

धप्प!

आत गेलो तेव्हा कानात पाणी, डोळ्यांपुढे पिवळा अंधार, आणि डोक्यात एकच – हा आवाज मी ऐकलाय. हे वाक्य मी ऐकलंय. दादाने हात सोडला नव्हता. आम्ही वर आलो तेव्हा त्याचे डोळे माझ्याएवढेच मोठे झाले होते. त्यालाही कळलं होतं.

धप्पा जोरदार बसला होता. चारी काठ भिजले होते, लोक किंचाळत होते, नाचत होते. आणि त्या सगळ्यात वहिनींचा आवाज, "अहो, हे काय? सगळ्यांना न्हाऊ घातलं आणि आमच्यावर थेंब नाही!"

आम्ही बघितलं. दुकानाच्या पायरीशी डावीकडचे चिंब, उजवीकडचे चिंब, मागची भिंत चिंब. मधे दोन माणसांच्या रुंदीची जागा कोरडी ठक्क, आणि त्यात उभ्या असलेल्या दोघी जावा कोरड्या. दिवाळीत आम्ही दोघे उभे होतो, ती जागा.

मी व्यापारी माणूस. उधारीवर माल देतात हे मला कळतं. पण माल आधी पोचला आणि ऑर्डर चार महिन्यांनी गेली, असा व्यवहार मी पाहिला नाही. प्राचीने इंटरनेटवर खूप शोधलं. एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी विषय बदलला. दादा म्हणतो, शोधू नकोस. दोन्ही शर्ट ठेवलेत. पिवळा अजून गेलेला नाही.

उद्घाटनाला तो आला नाही, त्याचा राग मात्र माझा शाबूत आहे. तो वेगळा विषय, एवढ्यात मिटणार नाही.

आता रोज दुकानात जाताना मी तिवंध्यातून जातो. पूर्वी मोटारसायकलवर जायचो, हल्ली पायी. त्या पायरीशी आलो की जरा थांबतो, एक हात मोकळा ठेवून. पानवाला विचारतो, "काय साहेब, कुणाची वाट बघताय?" मी काही सांगत नाही. दादा बंगळुरूत आहे, वय होत चाललंय, पुन्हा कधी येईल माहीत नाही. पण एखाद्या दुपारी अचानक अंगावर कोमट पिवळा रंग उडाला, की मी तिथल्या तिथे त्याला फोन लावणार आहे – तिकीट काढ, तू येणार आहेस.