चूक की नुकसान

आमच्या ह्यांना धड वस्तू कधी आवडलीच नाही. नाणं हातात आलं की आधी उलटंपालटं करून त्यात खोट शोधायची. छाप एका बाजूला सरकलाय, अक्षर दोनदा उमटलंय, एक बाजू कोरीच राहिलीय, असं काही मिळालं की स्वारी खूश. मग माझ्यात काय खोट दिसली म्हणून लग्न केलंत, असं मी एकदा विचारलं होतं. तर चक्क विचार करत बसले.

आम्ही दोघं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. हे इस्त्रीच्या रोलरवर, मी घड्या घालायच्या टेबलाशी. घरी पोचतो तेव्हा पायांत जीव उरलेला नसतो. मी आडवी होते आणि हे भिंग घेऊन बसतात. ह्यांचं एक पालुपद ऐकून माझे कान किटलेत. "टांकसाळीत बिघडलं तर ती चूक, बाहेर बिघडलं तर ते नुकसान. चुकीला मान असतो. नुकसानीला कोण विचारतो?"

सगळ्यात लाडकं नाणं कामावरच्या झाडलोटीत सापडलेलं. नेहमीपेक्षा आकाराने लहान, पण कड चांगली जाडजूड, पोळपाटाच्या काठासारखी. "अशी चूक कुणाकडेच नसणार," म्हणायचे. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाने बोलावलं तेव्हा तेच न्यायचं ठरलं. जन्मात पहिल्यांदा चार लोकांसमोर उभं राहून बोलणार होते. रोलरशी चादरी सोडता सोडता पुटपुटत भाषण पाठ करायचे. बाकीच्या बायका मला डोळ्यांनी विचारायच्या, ठीक आहेत ना?

आदल्या दिवशी कपडे वाळवायचं जुनं मशीन बंद पडलं. मेकॅनिकने ते खोललं आणि ड्रममागच्या फटीतून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. लहान आकार, जाड कड.

"डॉक्टरांच्या कोटातून पडतात, काकू," तो म्हणाला. "आत अडकली की महिनोन्महिने गरगर फिरत आपटत राहतात. कड चेपते, फुगते. मशीन खोललं की एखादं असतंच."

सांगावं तर ह्यांचं मन मोडणार, न सांगावं तर मंडळात शोभा होणार. तिथे सगळेच भिंगवाले. अंग इतकं आंबलं होतं की धड विचारही करवेना. घरी आल्यावर चप्पल काढता काढता सांगून टाकलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे खेकसले. मग माझ्या हातातलं नाणं घेतलं, आपलं शेजारी ठेवलं, भिंग लावलं. दोन्हींच्या कडा आळीपाळीने फिरवून पाहिल्या.

"नुकसानच आहे," म्हणाले.

"अहो, बाकीची आहेत की चांगली. ती न्या उद्या."

"ती सगळ्यांकडेच असतात गं. त्यावर काय बोलायचं?"

मला भडभडून आलं, आणि रागही आला. ह्यांचा, त्या मेकॅनिकचा, सगळ्यांचाच. "वेळेवर कळलं ते बरंच झालं ना? लोक हसले असते तुम्हाला."

"हसले असते," हे म्हणाले. "पण मी बोललो तरी असतो."