टेकाडांखालची माणसं

गजभियेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन त्यांच्या मुलीचा, मैत्रेयीचा. तिला मराठी समजतं, बोलते मात्र इंग्रजीतच. "मावशी, बाबा इज नो मोर," एवढंच म्हणाली. सकाळी छातीत दुखायला लागलं, सलमानिया हॉस्पिटलात नेलं आणि तासाभरात संपलं. मी "बरं" म्हणाले. बाईच्या तोंडून अशा वेळी दुसरं काही निघायला हवं होतं, पण निघालं नाही. फोन ठेवला आणि मुंबईमार्गे नागपूरला जाणारी विमानं शोधायला लागले.

माझं कामच ते. एअर कार्गोच्या ऑफिसात मी बरीच वर्षं आहे, आणि बहरीनमध्ये आपल्याकडचं माणूस गेलं की रडण्याआधी विमान बघतात. पोलिसांचं पत्र, वकिलातीचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, पेटी... कोणता कागद कोणाकडून आणायचा हे इथल्या प्रत्येक मराठी मंडळात चार जणांना तोंडपाठ असतं. दुपारपर्यंत सगळे कामाला लागले होते. दादांच्या मोठ्या भावाचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी त्यांना विमान कधी पोचेल तेही सांगून टाकलं. दादांच्या बायकोला, सुनंदावहिनींना, तोपर्यंत कोणीच काही विचारलं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काही असतं हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दादा एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होते. समुद्रात भर घालून जमीन करायची, तिची मोजणी त्यांच्याकडे. पण जीव अडकलेला जुन्या बहरीनमध्ये. नवं मराठी कुटुंब आलं की शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांना फिरवायला न्यायचं, हा त्यांचा नेम. गाडी माझी, चालवायचीही मीच आणि दादा शेजारच्या सीटवर, कारण त्यांना बोलायला दोन्ही हात मोकळे लागत. आधी मनामाच्या जुन्या बाजाराच्या वेशीपाशी थांबायचं. "इथवर समुद्र होता जी. पुढचं सगळं आमच्यासारख्यायनं भरलं," असं म्हणून समोरच्या उंच इमारतींकडे असा हात करायचे, जसं काही रात्रपाळी करून स्वतःच माती ओतली होती. मग उत्तरेचा किल्ला. त्याच्या खालचं टेकाड म्हणजे शहरावर शहर, त्यावर पुन्हा शहर. कोणीतरी हमखास म्हणायचं, या वाळवंटात माणसं कशाला राहायला आली असतील? दादा त्याचीच वाट बघत असत. "वाळवंट कुठी पाहिलं तुम्ही? पाणी होतं बाप्पा, गोडं पाणी! समुद्राच्या तळातून झरे निघत. पाणबुडे कातडी पखाल घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारत अन् गोडं पाणी भरून वर येत. पाणी होतं म्हणून शहर झालं." मी मूळची सांगलीची. मला म्हणायचे, "ताई, तुमच्याकडं पाणी घरात शिरते, तुम्हाले त्याची काय किंमत!"

शेवटी आली नावाच्या गावाला जायचं. तिथं घरांच्या आणि कुंभारांच्या भट्ट्यांच्या मधोमध मातीची मोठी टेकाडं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची थडगी. एवढ्याशा बेटावर इतकी थडगी बघून पूर्वीच्या काही अभ्यासकांना वाटलं होतं, की मेलेली माणसं बाहेरून आणून इथं पुरत असतील. दादांना याचा फार राग. "बाहेरून कशाले आणतील? इथंच राहिले, इथंच खाल्लं-प्यायलं, इथंच मेले. इथलेच होते ते." वहिनी गाडीतून त्यांना टोमणा मारायच्या, "झालं का? पोरगी भुकेली आहे. मेलेल्यायची काळजी, जित्यायचं काय?" मैत्रेयी मागच्या सीटवर कानांत इअरफोन घालून बसलेली असे. ती काही ऐकत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

संध्याकाळी झिंज भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर मी कागद घेऊन गेले. वहिनींना सह्या कुठं करायच्या ते दाखवत होते, तेवढ्यात मैत्रेयी म्हणाली, "वाय आर वी सेंडिंग हिम?" मी म्हटलं, अगं, घरी न्यायला नको का? ती म्हणाली, "ही लिव्ह्ड हिअर, मावशी." आणि मग, मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं असं, मराठीत, अडखळत, "बाबा इथलेच होते."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "ताई, त्याईले कुठी नेऊ नका."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सांगणं भाग होतं. तुमचा व्हिसा दादांच्या नोकरीवर आहे. तो संपला की तुम्हाला नागपूरला जावंच लागेल. ते इथं आणि तुम्ही तिथं, असं होईल. पुन्हा येणं सोपं नाही. वहिनी म्हणाल्या, "मले माहीत आहे." दादांच्या भावाचा फोन त्यांनी स्वतः घेतला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. समाज काय म्हणेल, आम्ही तोंडही पाहायचं नाही का... वहिनी ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही या. मी वाट पाहतो." भावाला वेळेत व्हिसा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी त्रिशरण, पंचशील म्हणून इथल्या स्मशानात दादांना निरोप दिला. मी विमानातली जागा रद्द केली. तेव्हाही मला रडू आलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनी आणि मैत्रेयी गेल्या. विमानतळावर वहिनी म्हणाल्या, "एखांद्या शुक्रवारी जाल ना ताई, त्यायच्याकडं?" मी विचारलं, कुठं? दहन झालेलं, थडगं तर नाही. "कुठीबी जा. ते काही एका जागी बसणारे नोते."

परवाच्या शुक्रवारी गाडी काढली. ऊन तापायला लागलंय, म्हणून थंडीनंतर पहिल्यांदाच एसी लावला. पंधरा मिनिटं झाली तरी मला घाम येत होता. गॅस संपला असेल म्हणून गॅरेजला फोन करायला गाडी कडेला घेतली. मग दिसलं, एसी चांगला चालू होता. माझ्या पुढ्यातल्या एसीच्या झडपासुद्धा शेजारच्या सीटकडे वळवलेल्या होत्या. दादांना फार उकडायचं.