डाव्या बाजूचा आरसा

आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की गाडीत पुढे डावीकडे बसणाऱ्याला एक काम असतं. उसाची ट्रॉली दिसली की काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि आरसा आत दुमडायचा. ट्रॉलीत भरलेल्या उसाची टोकं दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली असतात आणि न्हावऱ्याकडचे रस्ते काही फार रुंद नाहीत. हे काम कुणाला सांगावं लागत नाही. माझी आई शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसली तरी बोलता बोलता आरसा दुमडते आणि ट्रॉली मागे गेली की पुन्हा उघडते.

त्या दिवशी तिनं तो दुमडला नाही.

गाडी मामाची होती. पांढरी, नवी, पुढच्या काचेवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुसट दिसत होतं. ताईला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला दौंडहून आमच्या घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी एसटीचे धक्के नको म्हणून सांगितलं होतं. आई मामाला फोन करू की नको, असं करत राहिली. आजोबा गेल्यावर मामानं तिला शिरूरला नेऊन हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली होती. जमिनीतला वाटा तिनं सोडला, आणि बदल्यात काही मागितलंही नाही. माहेर राहिलं पाहिजे, एवढंच ती म्हणायची. त्यानंतर तिनं माहेरी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मामानं गाडी दिली. त्याला स्वतःला कांद्याच्या लिलावाला जायचं होतं, म्हणून चालवणार मी. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली आणि गाडी शिकणारीही पहिलीच. कॉलेजच्या पोरींना सगळंच येतं, असं हसत हसत म्हणत त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. मग मला बटणं दाखवली, पण ती इतक्या भराभर की निम्मी माझ्या लक्षातच राहिली नाहीत. आई पुढे बसल्यावर खिडकीशी वाकून तो तिला म्हणाला, "अक्का, आरशाला हात लावायचा न्हाई बरं का. बटनावर चालतोय त्यो. हातानं ओढला की आतली मोटार जाती."

आईनं मान हलवली.

परत येताना ताई मागच्या सीटवर उशीला टेकून डुलक्या घेत होती. एका वळणानंतर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी होती. मी अगदी हळू तिच्या बाजूनं गाडी घातली. समोरून टेम्पो आला, म्हणून आणखी उजवीकडे सरकता येईना. आईचा हात काचेच्या बटणापर्यंत गेला. मला तो दिसला. तिथेच थांबला आणि पुन्हा मांडीवर आला.

"बटन दाब की गं," ती म्हणाली.

मी शोधलं. हेडलाइट लागले. तेवढ्यात ऊस आरशात अडकला आणि कट्ट असा आवाज झाला.

उतरून बघितलं तर आरसा दोन वायरींवर लोंबत होता. काचेला ओरखडासुद्धा नव्हता. त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. म्हणून मला वाटलं की काम किरकोळ असेल.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या वर्कशॉपमध्ये मी जरा हिंमत करून काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, फक्त दांडा तुटलाय. त्यानं न उठताच सांगितलं की पूर्ण आरसा बदलावा लागेल. मी म्हटलं, काच चांगली आहे, मोटारही चालते. तो म्हणाला, "मॅडम, दांडा वेगळा येतच नाही." मग त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघून किंमत सांगितली. नऊ हजारांच्या वर. मी मान हलवणार, तेवढ्यात त्यानं सांगितलं की त्यात आरशाची पाठ काळीच येते. पांढरी हवी असेल तर रंगाचे वेगळे. विम्यातून करायचं असेल तर मालकाची सही लागेल.

मी कॉमर्सला आहे. वस्तूची किंमत कशी ठरते, यावर मी पानभर उत्तर लिहू शकते. पण एक न फुटलेली काच आणि एक न बिघडलेली मोटार टाकून देऊन त्याच दोन गोष्टी पुन्हा विकत का घ्यायच्या, हे मला त्या काउंटरपुढे काही केल्या कळेना. आणि पांढऱ्या गाडीच्या आरशाला पांढरा रंग हवा, हे मी वेगळं का मागायचं? मी बहुतेक हे तोंडानं बोलले, कारण मागच्या बाकावरचे एक काका हसले. काउंटरवरचा माणूस हसला नाही. त्यानं पुढच्याला बोलावलं. नऊ हजार म्हणजे डेअरीकडून आमच्या घरी येणारे दुधाचे दोन पगार.

गाडी आमच्या दारात होती आणि मामानं अजून फोन केला नव्हता. दाजींनी दौंडमधलं जुन्या पार्टचं एक दुकान सांगितलं, म्हणून मी एसटीनं तिकडे गेले. दुकानात छतापर्यंत आरसे टांगलेले होते. चाचांनी गाडीचं नाव ऐकलं आणि विचारलं, "डावा का उजवा?"

"डावा."

"उजवा ने बेटी, पाहिजे तेवढे हायेत. डावा ह्या पट्ट्यात न्हाई मिळायचा. उसानं सगळ्यांचा डावाच जातोय."

मी एवढी वैतागले होते की परतीच्या एसटीत तिकीट काढायचं विसरले आणि कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

शेवटी आई म्हणाली, हाय तशीच नेऊ. आरसा चिकटपट्टीनं बांधून आम्ही मामाच्या दारात गाडी लावली. मामानं बघितलं आणि चक्क हसला. "राहू दे अक्का," म्हणाला, "भाचीकडनं पैसं घेऊ व्हय? म्या करून घेतो."

मला हायसं वाटलं. पण ते चहा येईपर्यंतच टिकलं. शेजारचे आप्पा चहाला आले, तर मामा त्यांना सांगायला लागला, की बहिणीनं मागितल्यावर गाडी न्हाई म्हणता येत न्हाई, आन् पोरगी कॉलेजात शिकती, पर आरसा दुमडायचं काय शिकवत न्हाईत वाटतं. आप्पा हसले. हात लावू नका असं सांगणारा कोण होता, हे माझ्या अगदी ओठावर आलं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायची मला सवय नाही. मी आईकडे बघितलं.

आप्पा गेल्यावर आईनं पिशवीतून पाकीट काढलं. मामा नको नको म्हणत मागे सरकला.

"घे," आई म्हणाली. "सही केली तवापास्नं मी तुला काय मागितलं का? आता मागितलं. पुन्यांदा बी मागणार हाय. तू आज पैसं घेतलं न्हाईस, तर मला कवाच मागता यायचं न्हाई."

मामानं पाकीट घेतलं, पण उघडून बघितलं नाही.

"रंगाचं बी त्यातच हाय," आई म्हणाली.

हंगाम संपत आला तेव्हा ताईला बाळासकट दौंडला पोचवायचं होतं. या वेळी आईनं विचार केला नाही, सरळ फोन लावला. मामा स्वतःच गाडी घेऊन आला. डावा आरसा नवा होता, पण पाठ काळीच. सगळी गाडी पांढरी आणि तेवढाच एक कान काळा. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, आपण रंगाचे पैसे दिले होते ना? ती म्हणाली, आपण दिलेत ना, मग झालं. माझं काही झालं नव्हतं. दौंडपर्यंत माझी नजर त्या आरशाच्या काळ्या कडेवरच जाणार, हे मला माहीत होतं.

न्हावऱ्याच्या पुढे समोर उसाची ट्रॉली हळूहळू चालली होती. मामा तिला ओलांडायला निघाला. पुढे बसलेल्या आईनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि आरसा आत दुमडला.

"अक्का, बटन हाय," मामा म्हणाला.

ट्रॉली मागे पडेपर्यंत आईनं हात आरशावरच ठेवला.