मशीनवरचं कुंकू

टाकवे बुद्रुकात चंपामावशीचं घर विचारलं की लोक सांगतात, "ज्या दारात अजगर वाळत घातलेला दिसंल, तेच घर." अजगर म्हणजे राखाडी रंगाची प्लास्टिकची नळी. मावशी दर रविवारी ती साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळते, दोन्ही टोकं धरून झटकते आणि सावलीतल्या दोरीवर लुगड्याशेजारी लटकवते. नवीन माणूस बघून हसतो. हसू दे. त्या नळीवर एक घर चालतं आणि व्हॅनभर पोरांचा जीव तिच्याच भरवशावर असतो, हे हसणाऱ्याला काय माहीत.

व्हॅन मावशीच्या नवऱ्याची, भिमाजीभाऊची. सकाळी गावातली पोरं कामशेतला शाळेत सोडायची आणि दुपारी आणायची, हा त्याचा धंदा. गडी धिप्पाड, मान आखूड, आणि घोरणं असं की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. पण मावशीला घोरण्याची भीती नव्हती. घोरणं मधेच थांबायचं, त्याची होती. श्वासच बंद. मग मावशी त्याला ढोसायची, तो घुसमटून हुंकार द्यायचा आणि पुन्हा सुरू. लग्न झाल्यापासून बाई एक कान उघडा ठेवूनच झोपली.

भाऊ दिवसा कुठंही पेंगायचा. ताटावर पेंगायचा, लग्नात अक्षता पडायच्या आधी पेंगायचा. एकदा व्हॅन सरळ भाताच्या खाचरात घातली. व्हॅन रिकामी होती म्हणून गाव हसलं. मावशी नाही हसली. हाताला धरून त्याला तळेगावला डॉक्टरकडं नेलं. झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, झोपेत याचा घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून झोप पुरी होत नाही. हे मशीन नळीतनं नाकावाटे हवा देत राहील, घसा उघडा राहील. रोज लावून झोपला तरच गाडीला हात लावायचा.

मास्क बघून भाऊ भडकला. "ही सोंड लावून झोपू व्हय मी? नवरदेव हाय का हत्ती?"

"नवरदेव घोरत मेला तर वरात कुनाची काढू मी?" मावशी म्हणली. "लावा गप."

लावली. आणि दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली तरी मावशी उठली नव्हती. भाऊनंच चहा केला, भांड्याच्या बुडाला लावला आणि तिला हाक मारली.

तवापासून मशीनचं सगळं मावशीकडं. मास्क रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा, नाहीतर तोंडाच्या तेलानं रबर सरकतं आणि हवा डोळ्यात जाते. हवा कोरडी पडू नये म्हणून मशीनला पाण्याची डबी असते, तिच्यातलं पाणी रोज ओतून टाकायचं, मेडिकलमधनं आणलेलं डिस्टिल्ड पाणी ताजं भरायचं. मागच्या झाकणाआड बारीक फिल्टर असतो, तो मळला की बदलायचा. आपल्याकडच्या पावसात चपला बुरशीनं पांढऱ्या होतात, भिंतीला हात लावला तर ओला होतो. पण त्या नळीत मावशीनं काळा ठिपका येऊ दिला नाही. मशीन गरम लागतं म्हणून मांजर त्याला चिकटून बसायचं. केस फिल्टरला जातात म्हणून मावशीनं लाडक्या मांजराला पडवीत काढलं.

अशी बाई चुकली ती हलगर्जीनं नाही. मायेनं चुकली.

खंडेनवमी आली. जे पोटाला घालतं त्याची पूजा करायची. विळे, कोयते, फावडं, सगळं धुऊन तेलाचा हात फिरवून अंगणात मांडलं. व्हॅनला झेंडूचा हार घातला. मावशी घरात गेली आणि मशीन उचलून घेऊन आली.

"आता ह्येची पन पूजा?" भाऊ म्हणला.

"विळ्याला हार, फावड्याला हार, मग ह्येनं कुनाचं घोडं मारलंय? ह्ये न्हाई तर तुमची गाडी कुटली?"

मशीन पाटावर बसलं. मावशीनं त्यालाही तेलाचं बोट लावलं. मागं जाळीचं झाकण असतं, तिथनं हवा आत जाते, म्हणजे ते मशीनचं तोंड, असं तिचं म्हणणं. मग त्या झाकणावरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर चिमटीनं हळद-कुंकू वाहिलं, समोर धूप लावला. आणि पूजेचं कुंकू हातानं पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं, ही सासूची शिकवण. मशीन तसंच आत नेलं. फिल्टर बघायचा रविवार आला, तेव्हा मावशी झाकणापाशी थबकली. झाकण काढायचं म्हणजे स्वस्तिकाला बोट लागणार. दिवाळीपर्यंत राहू दे, म्हणली, आणि भात कापायला शेतात गेली.

थोड्याच दिवसांत मशीनचा आवाज बदलला. घुंघुं करायला लागलं. सकाळची पोरं सोडून आला की भाऊ मशीन लावून घटकाभर पडायचा. एकदा मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती आणि आतनं घोरणं ऐकू आलं. तिचा सुपातला हात थांबला. उठल्यावर विचारलं तर भाऊ म्हणला, "कापनीनं दमलोय गं." मावशीनं ते खरं धरलं. खरं असावं असं तिला लय वाटत होतं.

मग एक दिवस शेजारच्या निलेशची पिंकी शाळेतनं आली ती हसतच.

"मावशी, आज सकाळी भाऊ फाटकावर झोपलंवतं! आगगाडी गेली, फाटक उघडलं, तरी झोपलंवतं. मागचा ट्रकवाला लय हॉर्न मारीत व्हता. मंग आमी समद्यांनी वरडून उठवलं."

पिंकीला मजा वाटली होती. मावशी मात्र रात्रभर भाऊचा श्वास ऐकत जागली.

पहाटे तिचा डोळा लागला तेवढ्यात भाऊ व्हॅन घेऊन गेला होता. पोरं सोडून तो घरी आला, तशी खुंटीवरची चावी तिनं पदराच्या गाठीत बांधली.

"काय झालं?"

"काल फाटकावर झोपलावता?"

"फाटकात गाडी बंद करत्यात सगळी."

"आन डोळं? त्येबी बंद करत्यात व्हय?"

भाऊ एकदम चढला. "चावी दे. दुपारी पोरं सुटत्यात. कोन आननार?"

"निलेश आनंल."

"त्यो? त्याला रिव्हर्स घ्यायचा तर बायकोला खाली उतरवतो!" आणि मग आवाज खाली आला. "चंपे, एकदा व्हॅन दुसऱ्याच्या हातात गेली की संपलं बघ. लोक म्हनतील भिमा परत पेंगायला लागला. मग कोन पोर बसवंल माझ्या गाडीत?"

"आन एखादं पोर गेलं तर मी कुनाच्या दारात जाऊन तोंड दाखवू?"

मावशी निलेशच्या घरी गेली. त्याची बायको अनघा तिथंच होती. तिच्यासमोर मावशीनं झालेलं जसंच्या तसं सांगितलं. लपवलं नाही, सावरलं नाही. आपल्याच माणसाची अब्रू असं शेजाऱ्याच्या ओट्यावर मांडायला काळीज लागतं.

निलेश म्हणला, "तुमी सांगितलं म्हनून बरं, मावशी. मी दुपारची रजा टाकतो." आणि चावीसाठी हात पुढं केला.

त्या दुपारी निलेशनं व्हॅन नेली. भाऊ शेजारच्या सीटवर, "क्लच सोड, आता सोड" करत. घरी मावशीनं मशीन पुढ्यात घेतलं, हात जोडले आणि झाकण काढलं.

फिल्टर पांढरा राहिलाच नव्हता. तेलात भिजून हळद, कुंकू आणि धुपाची काजळी यांचा चिकट थर बसला होता. ज्या तोंडाला तिनं पुजलं, तेच तिनं बुजवलं होतं. मावशी तशीच भिंतीला टेकून बसली.

मग तिनं तळेगावच्या दुकानातल्या अमृतला फोन लावला. मशीन त्यानंच विकलं होतं. तो म्हणला, "चालू करू नका, आत फुंकू नका, घेऊन या." मावशी मशीन मांडीवर घेऊन गेली, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी धरून. अमृतनं उघडलं आणि वास घेतला.

"मावशी, आत सत्यनारायण घातला का काय?"

"मी घातला," मावशी म्हणली आणि डोळ्यांना पदर लावला. अमृतचं हसू गेलं. "मोटर शाबूत आहे. सगळं फिल्टरनं अंगावर घेतलं. साफ करून, हवेचा दाब तपासून देतो. थोडे दिवस लागतील."

घरी येऊन तिनं भाऊला सांगितलं. तो ओरडणार हे ती धरूनच चालली होती.

"तरीच," भाऊ म्हणला, "रोज सपनात दसरा कसा दिसतोय!"

"हसू नका. जीव गेला असता."

भाऊ खाली बघत राहिला. "मला कळलंवतं गं. हवा कमी येत व्हती. बोललो न्हाई."

"का?"

"बोललो असतो तर तू चावी घेतली असतीस."

"घेतलीच की."

"व्हय," भाऊ म्हणला. "घेतलीस."

मशीन आलं, तरी चावी लगेच सुटली नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी लागेस्तोवर निलेशनंच कामाची पाळी बदलून घेऊन व्हॅन चालवली. भाऊ दुपारी मशीन लावून पडायचा आणि मावशी दाराशी वाल सोलत बसायची, कान आत. घोरणं नाही, खंड नाही. नुसती बारीक हवा, झोपलेल्या पोराच्या श्वासासारखी.

सुट्टी संपली त्या सकाळी तिनं पदराची गाठ सोडून चावी भाऊच्या हातावर ठेवली. व्हॅन अंगणात उभी. कुणी पोर येतंय का म्हणून भाऊ रस्त्याकडं बघत राहिला. पहिला आला निलेश. त्यानं पिंकीला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं.

"भाऊ, आज झोपायचं न्हाई हां," पिंकी म्हणली.

"तुझी मावशी झोपवून पाठवती मला," भाऊ म्हणला आणि चावी फिरवली.

यंदाच्या खंडेनवमीला अंगणात विळे मांडले, कोयते मांडले, व्हॅनला हार घातला. मशीन मात्र घरात, धुतलेल्या फडक्याखाली. त्याच्या नावानं मावशीनं पाटावर एक सुपारी मांडली आणि सगळं हळद-कुंकू तिला वाहिलं.

भाऊ बघत होता. "मग आज मी नाकाला काय लावू? सुपारी?"

"लावा," मावशी म्हणली, "आन चावी हिकडं द्या."