साळवेकाकांच्या हिरव्या ओळी

साळवेकाकांच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांचीच फाइल उघडायची वाट पाहत बसले होते. उचलताच मी म्हणाले, "काका, अजून चाक फिरतंच आहे." पलीकडे काकू होत्या. "ते गेले गं सकाळी. छातीत दुखतंय म्हणले, अन्..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. पडद्यावरचं चाक मात्र फिरत राहिलं, आणि मला त्याचा संताप आला.

ती फाइल म्हणजे रक्तदात्यांची यादी. काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. पडेगावात त्यांच्या शेजारची एक लेक बाळंतपणात रक्त वेळेवर न मिळाल्यानं गेली, तेव्हा त्यांनी ही यादी सुरू केली. एका ओळीत एक माणूस: नाव, गाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी. पुरुषाला तीन महिने झाले, बाईला चार, की ओळ आपोआप हिरवी व्हायची. फुलंब्रीपासून गारखेड्यापर्यंतचे आमचे रक्तदानाचे कार्यकर्ते मोबाइलवर फक्त रंग बघायचे आणि हिरव्या माणसाला फोन लावायचे. कारखान्यात संपत आलेला माल काका असाच रंगानं ओळखायचे, तीच युक्ती त्यांनी इथं आणली. मी गणिताची शिक्षिका, म्हणून मदतीला मला धरलं आणि चारचौघांत "आमच्या कुलकर्णीबाई" म्हणून मिरवलं.

यादी वाढली तशी फाइल जड झाली. प्रत्येक शिबिरानंतर कोणीतरी आपली नावं आहेत तशी आणून चिकटवायचं, आणि नावांबरोबर ओळ कधी हिरवी करायची ते फाइलला सांगणारे नियमही यायचे. एकाच कामाचे शेकडो तुकडे, नुसता बारभाई कारभार. एक तारीख टाकली की फाइल गपगार. काका शांतपणे चहा मागवायचे. मला तेवढा धीर कुठला?

एका दुपारी माझा धीर सुटलाच. फुलंब्रीच्या शिबिराला तीन महिने उलटले होते, फाइल रंग बदलेना, म्हणून त्या सगळ्या ओळी मी हातानंच हिरव्या केल्या. दोन दिवसांनी त्यातल्याच एकाला तातडीनं बोलावलं गेलं. बिचारा मजुरी बुडवून एसटीनं आला, आणि रक्तपेढीनं परत पाठवला, कारण मधल्या काळात त्यानं दुसरीकडे रक्त दिलं होतं. ती तारीख यादीत नोंदलेली होती. रंग तेवढा माझा होता. दुसरा माणूस मिळेपर्यंत पेशंटच्या आईनं दवाखान्याच्या पायरीवर जे चार तास काढले, ते मी तिच्या शेजारी बसून पाहिले. पेशंट वाचला. मला मात्र काकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "रंग आपण नाय द्यायचा, बाई. तारखेला देऊ द्यायचा." मी हट्टानं म्हटलं, रंगच काढून टाकू, फाइल पळायला लागेल. "व्हय, पळंल. पण फुलंब्रीचा आपला गडी तारखा मोजत बसंल का फोन लावंल?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एकदा बसून समदे नियम उपटले पायजेत. एकच ठेवायचा." तेवढं बसणं काही झालं नाही... शिबिरं येत राहिली.

ते गेल्यावर कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरू लागलं की ही फाइल सोडून द्या, नवी यादी करू. मी नाही म्हटलं. नवी यादी म्हणजे जुन्या तारखा गेल्या, आणि माझ्यासारखा घोटाळा रोज. रविवारी फाइलची नक्कल काढून बसले. सगळे नियम पुसले, हातानं भरलेले रंग पुसले. दिवस मोजायचं काम एका वेगळ्या रकान्याला दिलं, त्यात नुसतं 'हो' किंवा 'नाही'. मग नियम एकच, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत: रकान्यात 'हो' असेल तर हिरवा. उन्हं कलेपर्यंत जमलं. तारीख टाकताच रंग बदलला आणि मी रिकाम्या लॅबमध्ये एकटीच हसले. मग वरपासून ओळी तपासत खाली आले. पडेगाव, साळवे उत्तम, बी पॉझिटिव्ह. शेवटच्या रक्तदानाला तीन महिने झाले होते. ओळ हिरवी होती.

ती मला पुसता येईना. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. डोळे भरले होते, आवाज नव्हता कापत. "काढ. गेलेल्या माणसाला बोलवण्यात ज्याला रक्त पायजे त्याचा वेळ जाईल. अन् माझं नाव टाक."

"तुम्ही आधी कधी दिलंय, काकू?"

"नाय. हे म्हणायचे, तुझ्यात रक्त हाय कुठं. बघूच."

मी काकांची ओळ काढली, काकूंची घातली; आधीची तारीखच नसल्यानं ती हिरवी आली. मंगळवारी दोघी रिक्षानं रक्तपेढीत गेलो. हिमोग्लोबिन भरपूर निघालं. बिस्किट खात काकू बाकावर बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या ओळीत त्या दिवसाची तारीख टाकली आणि ओळ पांढरी झाली.

"आता परत हिरवी कधी व्हायची?" त्यांनी विचारलं.

"चार महिन्यांनी."

"लई लांब हाय," काकू म्हणाल्या, आणि दुसरं बिस्किट घेतलं.