घमेल्यातलं सोयाबीन

मोबाइल तो तळहातावर आडवा धरायचा, काठोकाठ भरलेली वाटी सांडू नये म्हणून धरावी तसा. मग वावरातून एकेक पाऊल टाकत म्हणायचा, "मशीन झूट काऊन बोलीन, सेठ?"

देऊळघाटच्या शिवारात माझ्या वावराला लागूनच त्याचं अडीच एकर. वयानं मोठा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. मनात वेगळं म्हणायचो. बसस्टँडवर केळी विकून मी ते वावर घेतलं, पुढे सोयाबीन खरेदीचा काटा टाकला. फुकट मला कुणी काही दिलं नाही. आणि याच्या वडिलांनी आमच्या मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरत नांगरत माझ्या बाजूला सरकवलेला. नांगराची दोन तासं, म्हणजे दोन ओळींएवढी जमीन, गेली. तुम्ही धुऱ्यावरून चाललात तर तुम्हाला दिसणारही नाहीत. मला जेवतानाही दिसायची.

पिकाची नोंद आता शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची असते. आपल्या गटात, म्हणजे आपल्या नंबरच्या जमिनीत, उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. एका सकाळी पाहतो तर हा माझ्या तुरीत मधोमध उभा.

"माह्या तुरीत काय करून राह्यले, चाचा?"

"तुही नाही, माही. पाय." त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

पडद्यावर लिहिलं होतं, आपण आपल्या गटात आहात. त्याच्या स्वतःच्या वावरात मात्र तेच यंत्र त्याला गटाबाहेर म्हणत होतं. कुणीतरी नकाशात आमचे दोघांचे गट उलटे टाकले होते. तलाठ्याला फोन केला. तो म्हणाला, नकाशा वरून आलाय. चाचानं आभाळाकडे पाहून मान हलवली.

पण त्यानं पेरलेलं सोयाबीन, आणि उभा होता तुरीत. तो घरी गेला नाही. सोयाबीनची चार झाडं मातीसकट उपटून घमेल्यात लावली आणि ते घमेलं माझ्या तुरीत आणून ठेवलं.

नोंद झाली नाही तर सरकारी खरेदी केंद्र त्याचं सोयाबीन घेणार नव्हतं. मग ते माझ्याच काट्यावर आलं असतं, माझ्याच भावानं. त्यासाठी मी त्याला फक्त हाकलायला हवं होतं. पण दोन तासं आठवली. मी घमेल्यावर पाय ठेवला.

"उभं राहाचं भाडं लागते. माही दोन तासं वापस करा."

"घे ना. मशीननं त तुहं सारं वावर मले देलं हाय, दोन तासाचं काय घेऊन बसला?"

इतक्या वर्षांचा दावा, आणि या माणसानं साधी घासाघीसही केली नाही. मीच कमी मागितलं, असं वाटून माझं डोकं तापलं.

"तूर जरा बाजूले धर, सेठ. फोटोत येते."

मी धरली. नोंद झाली, पुढे हंगामात त्याचं सोयाबीन केंद्रावर गेलं.

माझी पाळी त्याच्या नोंदीनंतर दोनच दिवसांनी आली. माझ्या तुरीची नोंद त्याच्या विहिरीपाशी उभं राहिल्याशिवाय होईना. मी मनात आकडा ठरवून गेलो. तो मागेल त्याच्या निम्म्यावर तोडायचं.

"काय घेता, चाचा?"

"बिनसाखरेचा. डॉक्टरनं बंद केली."

"चहाचं नाही, जागेचं विचारून राह्यलो."

"जागा मशीनची हाय," तो म्हणाला, आणि घमेलं रिकामं करून माझ्यापुढे सरकवलं. "तूर लाव याच्यात."

मी पुष्कळांना वाकवलंय. जो मागतच नाही, त्याला कसं वाकवायचं?

मग थंडीत तो गेला. नकाशा अजून तसाच आहे. यंदा मी घमेल्यात तूर घेऊन त्याच्या वावरात गेलो. काय घेता, असं विचारायला समोर कुणी नव्हतं. त्यानं परत दिलेली ती दोन तासं मी अजून पेरलेली नाहीत.

विहिरीपाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, सारी वाट मी मोबाइल तळहातावर आडवा धरूनच चाललो होतो. सांडू नये म्हणून.