साडूंच्या रेणूंची बारशी

आमच्या साडूंनी ज्याचं नाव एखाद्या रेणूला ठेवलेलं नाही, असा माणूस आमच्या नात्यात औषधालाही सापडायचा नाही. साडू तळेगावजवळच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या औषधासाठी नवेनवे रेणू तयार करतात आणि काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर सोडून बघतात. तिथे रेणूंना नुसते आकडे असतात. हे अनाथपण साडूंना बघवत नाही. घरी येऊन ते प्रत्येकाचं गुण बघून बारसं करतात आणि शेजारपाजारपर्यंत पेढे वाटतात. पेशींना चिकटून नुसता बसून राहिला, काडीचं काम केलं नाही, त्या रेणूला माझं नाव आहे. कॅन्सरबरोबर चांगल्या पेशींनाही झोडपणारा मेव्हण्याच्या नावावर गेला. एक मात्र पाण्यात, तेलात, स्पिरिटात, कशातच विरघळेना. त्याला त्यांनी बेधडक सासऱ्यांचं नाव ठेवलं. पुढे कुसगावच्या हॉटेलात मेव्हण्याचं लग्न होतं. ऐन अक्षतांच्या वेळी साडू फोन हातात घेऊन धावत आले आणि सासऱ्यांना कडकडून मिठी मारून ओरडले, "मामा, तुम्ही विरघळलात!" सासऱ्यांनी घाबरून आधी फेटा चाचपला.

साडूंच्या वराळ्याच्या घरी नवलाख उंबरे गावच्या रखमामावशी दुधाचा रतीब घालतात. ऑपरेशननंतर त्यांची कॅन्सरची गाठ परत आली. एकदा बारशाचा पेढा हातात धरून त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढं पेढं वाटता, मंग त्यातलं आवशीद मला का न्हाई देत?"

साडूंनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "मावशी, ते अजून ताटलीतच आहे. माणसाला द्यायला वर्षं लागतात. डॉक्टर देतायत ते सोडू नका."

"न्हाई सोडत. पन माज्या नावाचं येक काडा की."

साडूंनी ते नाव राखून ठेवलं. आल्यागेल्या रेणूला ते द्यायचं नाही म्हणून कित्येक महिने बारशीच बंद पडली. शेवटी एकानं कॅन्सरच्या पेशी मारल्या आणि चांगल्यांना हात लावला नाही. त्याचं नाव रखमा. त्या दिवशी साडूंनी मलाही उचलून गरकन फिरवलं.

आता रखमाची उंदरांवर चाचणी चालू आहे. मावशी दारात आल्या आल्या विचारतात, "भाऊ, माजी रखमा कुटवर आली?"

"उंदरांपर्यंत, मावशी."

"मंग उंदरांच्या मागं माजाच नंबर!" असं म्हणून त्या खळखळून हसतात. हल्ली हसताना त्यांना धाप लागते. रतीब मोजून झाला की त्या भांड्यात वर आणखी थोडं दूध ओततात. "हे उंदरांस्नी. जपा त्यास्नी."

प्रयोगशाळेतल्या उंदरांना दूध देत नाहीत, हे साडूंनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.